बाहेरून कडी

१

केजच्या बसस्टँडमागं, बियाण्याच्या दुकानावर, नवनाथची भाड्याची खोली होती. सकाळी उठायचं, आणि दात घासायच्याही आधी लॅपटॉप उघडून एक आकडा बघायचा, हा त्याचा चार महिन्यांचा नेम. लोक उठल्यावर फोटोला हात जोडतात, हा आकड्याला जोडायचा. आकडा होता विशलिस्टचा. म्हणजे गेम अजून विक्रीला आलेला नाही, पण आला की कळवा, आम्ही घेणार, असं सांगून नाव नोंदवून ठेवलेली माणसं. जानेवारीत ती अकराशे होती. डेमो, म्हणजे फुकट खेळायचा नमुना, टाकल्यावर आठवडाभरात नऊ हजार झाली, आणि एप्रिल लागता लागता साठ हजारांच्या वर गेली. चोवीस वर्षांच्या पोराला एवढं पुष्कळ झालं. तो घरी आईला फोन करून आकडा सांगायचा आणि तिला ते साठ हजार रुपयेच वाटायचे.

गेमचं नाव 'कडी'. एक गाव, एक दुपार, आणि बाहेरून कडी लावलेलं एक दार. आतून कुणीतरी ते वाजवतं. पडद्यावर दोन पर्याय येतात: 'कडी काढा' आणि 'नंतर'. तुम्ही निवडाल तशी गोष्ट वळते, आणि तेच दार पुढं पुन्हा एकदा येतं. ना रक्त, ना भूत. तरी कुठली कुठली पोरं ते खेळताना घामाघूम होत होती आणि तसले व्हिडिओ टाकत होती. हे तुला सुचलं कसं, असं मुलाखतीत विचारलं की नवनाथ हसून म्हणायचा, सगळं काल्पनिक आहे.

गेम बाजारात आणणारी कंपनी पुण्याची. तिथली ऋतुजा विक्रीचं बघायची आणि रोज नऊला फोन करायची.

"पहिल्या आठवड्यात चाळीस हजार प्रती कुठं जात नाहीत," ती त्या दिवशी म्हणाली. "मी आमच्या साहेबांना पन्नास सांगितलेत. आणि ती म्हातारी! लोक वेडे झालेत रे तिच्यापायी."

"कोणती म्हातारी?"

"झालं, आता भाव खा," ऋतुजा हसली. तेवढ्यात तिला कुणीतरी हाक मारली आणि तिने फोन ठेवला.

नवनाथ हातात ब्रश घेऊन तसाच उभा राहिला. कारण त्याच्या गेममध्ये म्हातारी नव्हतीच. दार उघडलं की खोली दिसते, एवढंच त्याने केलं होतं. बाजलं, पाण्याचा माठ, भिंतीला टेकवलेली चटई, आणि जमिनीवर अर्धा भरलेला चहाचा कप. खोली रिकामी ठेवली होती. माणूस त्याला काढता आला नव्हता.

२

नवनाथ बिनडोक नव्हता. त्याने आधी डोकं चालवलं. ऋतुजाने दुसऱ्याच कुठल्या गेमबद्दल म्हटलं असेल. किंवा रिकाम्या खोलीत लोक मनानेच माणूस बघत असतील, भीतीत होतं तसं. पुण्याच्या पोरांनी परस्पर काही घातलं असेल, असंही त्याला वाटून गेलं. पण गेमची मूळ फाइल त्याच्या एकट्याकडं होती.

त्याने आवाजांची यादी काढली. दोनशे बारा आवाज. तापलेल्या पत्र्याचा कडकडाट, कावळा, लांबून जाणारी एसटी, माठावरचं झाकण. माणसाचा आवाज एकही नाही. दार वाजण्याचा आवाज त्याने स्वतःच्या टेबलावर बोटं आपटून केलेला, दोन ठोके.

मग त्याने एका खेळाडूचा व्हिडिओ लावला. हैदराबादचा कुणी पोरगा होता, बडबड्या. तो दारापाशी आला. दार वाजलं: ठक ठक ठक, जरा थांबून ठक. नवनाथने मागं घेऊन पुन्हा ऐकलं. तीन, आणि मग एक. धातूचा ठोका होता, बोटांचा नव्हताच.

पोराने 'कडी काढा' दाबलं. नवनाथला पडद्यावर तीच रिकामी खोली दिसली. पण पोराची बडबड बंद पडली होती. तो खाली, बाजल्याच्या पायापाशी बघत होता. बराच वेळ बघून तो हळूच हिंदीत म्हणाला, कपाकडं बघतेय यार ती, पीत का नाही?

नवनाथने लॅपटॉप मिटला. ते तीन-एक ठोके त्याला पाठ होते. सात वर्षं पाठ होते.

आता एक गोष्ट सांगून टाकायला हवी. चार महिने लाखभर माणसं ते दार उघडत होती, पण नवनाथने स्वतः 'कडी काढा' एकदाही दाबलं नव्हतं. ती वाट तपासायचं काम त्याने पुण्यावर सोपवलं होतं, वेळ नाही म्हणून. लोकांचे व्हिडिओ आणि मजकूरही तो टाळायचा, फक्त आकडा बघायचा.

३

नवनाथचं गाव नेकनूरकडून फाट्याने आत. दिवाळी झाली की तिथलं निम्मं गाव कोयत्यावर जातं. नवराबायकोची जोडी ऊसतोडीला निघते आणि सहा महिन्यांनी परत येते. मागं राहतात ती म्हातारी माणसं. शेजारचे आश्रुबा आणि सत्यभामाकाकू असेच जायचे, आणि आश्रुबांची आई, मालनबाई, मागं राहायची. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. एका वर्षी ती 'आश्रू, आश्रू' करत हमरस्त्यापर्यंत चालत गेली आणि ट्रकखाली येता येता वाचली. तेव्हापासून ठरलं, की दुपारी जेवू घालून बाहेरून कडी लावायची आणि चारला काढायची. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. गावात अशा कड्या बऱ्याच दारांना लागायच्या. कडीची जिम्मेदारी शेजाऱ्याची, म्हणजे नवनाथच्या आईची, आणि कॉलेजातून आल्यावर नवनाथची.

चार वाजले की मालनबाई पितळी फुलपात्राने दार वाजवायची. तीनदा, आणि थांबून एकदा, आश्रुबा घरी असायचे तेव्हाही तसंच. नवनाथ कडी काढायचा, तिला ओट्यावर बसवायचा, चहा करून द्यायचा. "आलास का, बाबा," ती म्हणायची. रोज तेच.

होळी होऊन गेली होती. आई परळीला मामाच्या मुलीच्या साखरपुड्याला गेली होती, दिवसभराची कडी नवनाथकडं. सतरा वर्षांचं वय, हातात नवा मोबाइल, आणि त्या दिवशी चार वाजता मित्रांबरोबर गेमची मॅच. चारला तो मालनबाईच्या दारी गेला. ती वाजवत होती. त्याने हात कडीवर ठेवला आणि खिशातला फोन थरथरला. मॅच सुरू होत होती. एवढी एक झाली की काढू, म्हणून तो माघारी फिरला.

साडेपाचला तो परत आला. ती अजून वाजवत होती, पण हळू. आता उशीर झाला होता आणि त्याला लाज वाटली. उघडलं की ती विचारणार, इतका वेळ कुठं होतास. कडीवर हात ठेवून तो उभा राहिला. फोन पुन्हा थरथरला.

सात वाजता तो तिसऱ्यांदा गेला तेव्हा दार वाजत नव्हतं. कडी काढून आत पाहिलं, तर पत्र्याखाली भट्टी झाली होती आणि मालनबाई दाराशीच, बाजल्याच्या पायाला टेकून बसलेली होती. माठ कोरडा पडला होता. फुलपात्र मांडीवर होतं.

नवनाथ घरी धावला. आणि त्याने चहा केला. कुणाला बोलवायच्याही आधी त्याने चहा केला, अर्धा मोरीत ओतला, आणि उरलेल्या अर्ध्याचा कप नेऊन तिच्याजवळ ठेवला. मग तो ओरडत बाहेर आला. चारला कडी काढली होती, चहा दिला होता, बोलली होती, मग पडते म्हणाली. सगळ्यांनी मान डोलावली. वय झालं होतं, लोक म्हणाले.

आश्रुबा कराडकडून रात्रभर प्रवास करून आले आणि त्याच्या गळ्यात पडून रडले. "शेवटचा चहा तुझ्या हातचा पिऊन गेली, बाबा. आमच्या नशिबात न्हवतं, तुझ्या हुतं." तेव्हापासून दर साली कोयत्यावरून आले की ते नवनाथसाठी गुळाची एक ढेप आणत. नवनाथची आई तो गूळ वर्षभर चहात घालायची. नवनाथ त्या घरात बिनचहाचा राहायला शिकला.

४

"ती बोलते का?" नवनाथने ऋतुजाला फोन करून सरळ विचारलं.

"बोलते म्हणजे काय, तेच तर सगळं आहे. पण तुमच्याकडची बोली आहे रे, आणि किती हळू. मला नीट लागत नाही. आलास का, एवढं कळतं, पुढचं नाही. लोक रोज भांडतायत त्यावरून. आपण सांगूच नको, चर्चा वाढू दे. एकजण म्हणाला, माझा मित्र अंबाजोगाईचा आहे, त्याला ऐकवतो."

अंबाजोगाईच्या माणसाला तिचा शब्द न् शब्द कळणार होता. अंबाजोगाई म्हणजे केजपासून तासाच्या आत.

त्याने एक उपाय केला. ती खोलीच काढून टाकली. बाजलं, माठ, चटई, कप, सगळं पुसलं. आता दार उघडलं की नुसता काळा पडदा, आवाज नाही. तसा नवा डेमो त्याने त्याच दुपारी टाकला आणि कित्येक दिवसांनी पोटभर जेवला.

दुसऱ्या दिवशी ऋतुजाने सकाळी सातलाच फोन केला. "खोली अंधारी केलीस, काय डोकं आहे रे तुझं. काहीच दिसत नाही आणि ती अगदी कानाशी येऊन बोलते. एका रात्रीत सहा हजार विशलिस्ट. असंच ठेव, हात लावू नको."

त्याने गेम थांबवायला हवा होता. एक फोन पुरला असता. त्याने तो केला नाही, आणि याचं कारण करार नव्हता, ऋतुजाही नव्हती. आकडा सत्तर हजारांवर गेला होता आणि तो त्याला आवडत होता. स्वतःच्या या आवडीची त्याला इतकी शरम वाटली, की त्या दिवशी त्याने आरशात न बघताच केस विंचरले.

५

शुक्रवारी संध्याकाळी पाचला गेम विक्रीला खुला व्हायचा होता. बटण नवनाथनेच दाबायचं होतं. साडेतीनच्या सुमारास जिन्यावर सावकाश पावलं वाजली आणि दारात आश्रुबा उभे राहिले. उन्हाने काळे ठिक्कर पडलेले, डोक्यावर टोपी, खांद्याला पिशवी.

"काल आलो कोयत्यावरून. तुझी आई म्हनली, केजात हाय, आज त्याचा गेम इकायला निघतुया," ते म्हणाले. पिशवीतून कागदात गुंडाळलेली ढेप काढून त्यांनी टेबलावर ठेवली. "घे. पांढरा गूळ न्हाई, आसली हाय."

"कावून तरास घेतला, काका."

"तरास कसला. दाव की मलाबी. सारा गाव म्हनतुया, नवनाथचा गेम लई भारी हाय."

"तुमाला न्हाई कळायचं त्यातलं."

"न्हाई कळलं तर न्हाई. बसतो जरा. बस पाचला हाय."

नवनाथ म्हणाला, लाइट नाही. खरंच गेली होती, पण लॅपटॉपला चार्जिंग होतं आणि ते पडद्यावर दिसत होतं. चहा मागवू का, असं तो विचारणार होता, पण तो शब्द तोंडातून फुटेना. आश्रुबा पंख्याविना घामाने भिजत, हात मांडीवर ठेवून, पाहुण्यासारखे बसून राहिले. सात वर्षांत ह्या माणसाने त्याच्याकडं पहिल्यांदाच काही मागितलं होतं. शेवटी नवनाथने हेडफोन त्यांच्या टोपीवरूनच कानाला लावले. ह्ये बटण दाबलं की पुढं जायचं, त्याने दाखवलं.

६

आश्रुबा हळूहळू गावातून चालत गेले. पिंपळ दिसला तशी त्यांना मजा वाटली. "आपलाच पार काढलाय की, बे," ते हसले. मग दार आलं आणि त्यांचं हसू थांबलं.

"ह्ये तर आईचं वाजवनं हाय," ते म्हणाले.

"ऐकून ऐकून डोक्यात बसलं हुतं, काका."

"लई ध्यानात ठिवलंस, बाबा." त्यांनी त्याच्या गुडघ्यावर थोपटलं. नवनाथला वाटलं, याहून त्यांनी थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं.

पडद्यावर पर्याय आले. आश्रुबांनी अक्षर अक्षर लावून वाचलं. "कडी काढा. नंतर." त्यांनी नवनाथकडं पाहिलं. "नंतर कावून? आत मानूस वाजवतंय, आन् नंतर?"

"काही लोक तसं करतात."

"कोन करतंय तसं," ते म्हणाले आणि त्यांनी कडी काढली.

पडदा काळा झाला. नवनाथला काळाच दिसला. आश्रुबा मात्र पुढं सरकले. त्यांनी हेडफोन उचलून डोक्यावरची टोपी काढली, मांडीवर ठेवली, आणि हेडफोन परत कानावर नीट बसवले. मोठ्या माणसासमोर बसावं तसे ते बसले होते.

"व्हय, आई," ते म्हणाले.

खोलीत आवाज नव्हता. हेडफोनच्या कडेतून काहीतरी अगदी बारीक झिरपत होतं, शब्द कळत नव्हते, मधेच खोकल्यासारखं काही. लॅपटॉपच्या काळ्या काचेत आश्रुबांचा चेहरा पडला होता, त्याच्या मागं नवनाथचा, आणि खाली, दोघांच्या गुडघ्यांच्या उंचीवर, पांढऱ्या केसांसारखं काहीतरी. नवनाथने मान वळवून मागं पाहिलं नाही. आपल्याला धीर नाही हे त्याला माहीत होतं.

"व्हय... व्हय. इचारतो," आश्रुबा म्हणाले.

त्यांनी हेडफोन काढले, वायर न गुंतता घडी घालून टेबलावर ठेवले. बराच वेळ ते त्या ढेपेकडं बघत होते.

"दोनदा आलतास म्हनती," ते म्हणाले.

आलास का, बाबा. ते शब्द ती रोज म्हणायची. पण तो दोनदा दारापर्यंत आला होता, हे जगात कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याचा पाय वाजला असेल. आंधळ्या माणसाला पायांचे आवाज कळतात, हे त्याला आज सुचत होतं.

"व्हय," नवनाथ म्हणाला.

"आन् चहा?"

"नंतर ठिवला. ती गेल्यावर."

आश्रुबांनी मान हलवली. ते रागावले असते तर नवनाथ पाया पडला असता. ते रागावले नाहीत. त्यांनी ढेप उचलून परत पिशवीत घातली, सावकाश, कागद न फाडता, आणि टोपी डोक्यावर ठेवली. दारात गेल्यावर थांबले.

"इकनार हाईस का ह्ये?"

"तुमी म्हनाल तसं, काका. तुमी न्हाई म्हनलं तर पुसून टाकतो. आत्ता टाकतो."

"पुसू नको," आश्रुबा म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच फाटला. "सात वर्सं वाजवती ती. इक. लोकायनी तरी उघडू दे."

ते गेले. जाताना त्यांनी दार ओढून घेतलं. नवनाथने उठून आतून कडी लावली. का लावली, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

७

पाच वाजता नवनाथने बटण दाबलं. लाइट आलेली नव्हती. विक्रीचा आकडा बाराशे झाला, मग चार हजार. प्रत्येक आकडा म्हणजे कुठंतरी एक माणूस, आणि त्यातला जवळजवळ प्रत्येकजण 'कडी काढा' दाबत होता, हे पडद्यावर बाजूला टक्क्यांत दिसत होतं. परक्या देशातली, बोली न कळणारी माणसं न थांबता दार उघडत होती. आणि खाली मजकूर येऊ लागला होता. एकाने मराठीत लिहिलं होतं: मी धारूरचा आहे, मला ती काय म्हणते ते कळलं, रात्री सविस्तर लिहितो.

नवनाथने हेडफोन लावले. दारापर्यंत गेला. 'कडी काढा'वर बोट ठेवलं आणि आयुष्यात पहिल्यांदा ते दाबलं.

काळोख होता. तो थांबून राहिला. हळूहळू त्यात जमिनीचा एक तुकडा उजळला आणि त्यावर कप दिसला. त्याने पुसलेला. त्याने चित्रात तो अर्धाच भरलेला दाखवला होता, हा काठोकाठ भरलेला होता आणि वर साय धरली होती. बाकी तिथं कुणी नव्हतं. आवाजही नव्हता. "मालनआजी," तो म्हणाला. मग आणखी मोठ्याने म्हणाला. ती त्याच्याशी बोलली नाही.

त्याने हेडफोन काढले. आणि तेव्हा ते वाजलं, लॅपटॉपमध्ये नाही, त्याच्या खोलीच्या दारावर. धातूचं, तीनदा. जरा थांबून एकदा.

आश्रुबांची बस चुकली असेल, त्याने स्वतःला सांगितलं. पण जिन्यावर पावलं वाजली नव्हती. आणि ठोके दाराच्या खालच्या अंगाला पडत होते, बसलेल्या माणसाचा हात पोचेल तिथं.

नवनाथ उठला. भीतीपेक्षा त्याला लाजच जास्त वाटत होती, आणि त्या लाजेनेच तो दारापर्यंत चालत गेला. आता काढायची, काय विचारायचं ते विचारू दे तिला. कडी या वेळी आतून होती, त्याच्याच हाताशी. त्याने तिच्यावर हात ठेवला. लोखंड उन्हात ठेवल्यासारखं तापलेलं होतं.

मागं टेबलावर फोन थरथरू लागला. पडद्यावर ऋतुजाचं नाव होतं. पहिल्या तासाचा आकडा सांगायलाच असणार.

दार पुन्हा वाजलं, हळू. एवढा एक फोन घेऊ, आणि मग काढू, असं नवनाथला वाटलं.